ओमानचा कप्तान

डोक्याचा रुमाल, पिकलेली दाढी आणि रापलेला चेहरा पाहून डाबरे कुटुंबाने बोटवाल्या यासीनला ओमानी समजूनच बोटीत पाय ठेवला. मेसईदचं बंदर मागे पडलं. दोन्हीकडे वाळूचे डोंगर आणि त्यांच्या मधून आत आत शिरत गेलेलं निळं पाणी. साहेबांनी “कॅप्टन, प्लीज” म्हणत रोलमधला पहिला फोटो यासीनसोबत काढला. बाईंनी पहिला चहा त्यालाच दिला. त्याला आपल्या गावची, जयगडची खाडी आठवली आणि तोंडून निघून गेलं, “ओहटी लागलीय, जरा सांबाळून बसा.”

“अरे, तू तर आपला मराठी!” साहेबांना कोण आनंद झाला!

काठाला लागताच त्यांनी त्याच्या हातात बर्फाची पेटी दिली, मग चटया, मग शेगडी. जेवणं झाल्यावर बाईंनी खरकट्या भांड्यांचा टोप पुढे सरकवला. “एवढी विसळून टाक रे. आपलाच आहेस म्हणून सांगते. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं का?”

पुढच्या शुक्रवारी दुसरं कुटुंब आलं. त्यांच्यात मुलाकडे राहायला आलेली एक म्हातारी होती. बोट डोंगरांमध्ये शिरली तशी ती हरखून ओरडली, “या अल्ला, ही त आमची जयगडचीच खाडी!” मग यासीनकडे वळून तिने विचारलं, “तू कुठला रे बाबा?”

सात वर्षांत त्याला गावचं माणूस भेटलं नव्हतं.

यासीनने रुमाल कपाळावर ओढून घेतला.

“नो हिंदी, मॅडम,” तो म्हणाला. “आय ओमान.”