नंदूच्या जागी

कार्यक्रम सुरू व्हायला थोडाच वेळ उरला होता. मुलुंडच्या त्या छोट्या हॉलमध्ये खांद्याला तबल्याची पिशवी लावून एक बाई आली.

"मी सुगंधा. आमच्या ह्यांना ताप भरलाय, उठवत नाहीये. म्हणून मी आले."

ती नंदूची बायको. गेली कित्येक वर्षं श्यामकांतांच्या गाण्याला नंदूच तबल्यावर असायचा. श्यामकांतांनी तिच्याकडे पाहिलं. किडकिडीत अंग, चापूनचोपून नेसलेलं पातळ, केसांत अबोलीचा गजरा. हळदीकुंकवाला निघाल्यासारखी.

मंगळवारी श्यामकांतांच्या घशाचं ऑपरेशन होतं. पुन्हा गाता येईल अशी खात्री डॉक्टरांनी दिली नव्हती. निदान आजचं गाणं तरी त्यांना मनासारखं व्हायला हवं होतं.

"वहिनी, नुसता ठेका धरा," ते म्हणाले. "मध्ये काही वाजवायला जाऊ नका. भजनी मंडळ नाही हे."

"बरं," सुगंधा म्हणाली.

पेटीच्या साथीला बसलेल्या त्यांच्या जुन्या मित्राने, बाळने, मान वर केली. तो काही बोलणार, तोवर श्यामकांत तंबोऱ्याकडे वळले होते.

त्यांनी यमन धरला. एरवी नंदूसाठी ते मुद्दाम जागा सोडायचे. आज एकही सोडली नाही. बाई गडबडेल या धास्तीने रिकामी जागा स्वतःच ताना घेऊन भरत राहिले, आणि त्यातच दमले. सुगंधा सांगितल्याबरहुकूम ठेका देत होती.

द्रुत बंदिशीत एका तानेला त्यांचा श्वास पुरला नाही. समेवर ते दोन मात्रा आधीच आले. चूक उघडी पडणार, एवढ्यात तबल्याने त्या दोन मात्रा अलगद गाळल्या आणि सम बरोबर त्यांच्या पायाखाली आणून ठेवली. लोक म्हणाले, "वा."

श्यामकांतांनी वळून पाहिलं. ती खाली तबल्याकडेच बघत होती. त्यांनी हाताने एक खूण केली असती, तर ती मोकळी वाजवू लागली असती. पण एवढ्या लोकांसमोर हात काही उचलला गेला नाही.

भैरवी संपली. टीव्हीवरचा रविवारचा सिनेमा गाठायला लोक लगबगीने निघाले. श्यामकांत आतल्या खोलीत गरम पाणी पीत बसले होते, तेव्हा स्टेजवरून तबला ऐकू आला. बाळ पेटीवर एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत होता आणि त्या ओळीवर डग्गा बोलत होता. हात नंदूचाच वाटत होता. पण नंदूची जिथे घाई व्हायची, तिथे हा हात थांबत होता.

पेला तसाच ठेवून ते बाहेर आले.

"नंदूकडे शिकलात?"

सुगंधाने हात थांबवले. बाळ म्हणाला, "उलटं आहे, श्याम. नंदू हिच्या वडिलांकडे शिकायला यायचा. ते गेल्यावर हिनेच त्याला तयार केलं. अजून सकाळी हिच्यासमोर बसतो तो."

"मला कधी बोलला नाही."

"हे सांगणार होते," सुगंधा म्हणाली. "मीच नको म्हटलं. बायकोकडे शिकतो म्हटल्यावर तुम्ही त्यांना बोलावलं नसतं."

श्यामकांत सतरंजीवर तिच्यासमोर बसले.

"वहिनी, एकदा माझ्याबरोबर वाजवा. तुमच्या मनासारखं."

"घसा बघ तुझा," बाळ म्हणाला.

"दे सूर."

बाळने सूर दिला. श्यामकांतांनी मुखडा उचलला. पहिला स्वर आला, दुसरा चिरला, आणि पुढे नुसती हवाच आली. खाकरून त्यांनी पुन्हा उचलला. पुन्हा तेच. बाळने हळूच पेटीवरून बोटं काढून घेतली.

सुगंधाचे दोन्ही हात मात्र तबल्यावर अधांतरी तसेच होते, त्यांच्या समेची वाट बघत.