तब्येतीची चौकशी

विहिरीच्या वादात सुलभाकाकूंच्या नवऱ्याचा, म्हणजे अण्णांचा, खून करणारा शेजारचा जनू अण्णांच्या तेराव्याच्या आतच शिक्षा भोगून घरी आला. नवा कायदा सरळ होता: मेलेल्याचं जेवढं आयुष्य उरलं असेल, तेवढीच मारणाऱ्याला कैद. यंत्राने प्रेत तपासलं. अण्णांचं हृदय फार तर आठवडाभर तग धरणार होतं, म्हणून जनूला आठवडा मिळाला.

काकू अंगणात तेराव्याचे तांदूळ निवडत होत्या. जनू दोन घरांमधल्या दगडी गडग्यावर रेलला.

“विहीर आता तुमच्या नावावर ना, काकू?”

“हो.”

“बरं झालं. आणि तब्येत काय म्हणतेय?”

महिनाभराचा खोकला काकूंनी घशातच दाबला. “ठणठणीत. शंभरी गाठते बघ.”

जनू समजूतदारपणे हसला. “अण्णाही असंच म्हणायचे.”