कर थकलेलं घर

लिलावात घर मिळाल्याचा नर्सबाईंचा आनंद जेमतेम संध्याकाळपर्यंत टिकला. खाली एक खोली, वर एक. नऊ वर्षांची घरपट्टी थकली म्हणून नगरपालिकेने ते विकायला काढलं होतं. आयुष्य भाड्याच्या जागेत गेलेलं, त्यामुळे दुसऱ्या गिऱ्हाइकाने बोली वाढवली तरी त्या मागे हटल्या नाहीत. कर वजा जाता उरलेली रक्कम मालकाला मिळेल, असं कारकून म्हणाला, तेवढाच मनाला आधार.

घरी आईने एवढंच विचारलं, "तिथं कोण राहतं गं?"

"एक म्हातारे बाइंडर, वह्या-पुस्तकं बांधणारे. एकटेच असतात."

"म्हणजे त्यांना उठवून आपण बसायचं."

दोघींनाही जेवण गेलं नाही.

रविवारी नर्सबाई मनाशी ठरवूनच तिकडे गेल्या. बाइंडरांनी दार उघडलं, चहा टाकला. भिंतींना नुकताच रंग दिलेला. टेबलावर कराच्या नोटिसा होत्या. तारीखवार लावून कापडी पुठ्ठ्यात बांधलेल्या.

बाइंडरांनी सगळं घर दाखवलं. "हा नळ हळू फिरवा, नाहीतर हातात येतो. ही खिडकी पावसाळ्यात फुगते. जिना मधल्या भावाने केला, माळा धाकट्याने."

"येतात का ते?"

"वीस वर्षं बोलणं नाही. घर तिघांच्या नावावर, राहिलो मी एकटा."

नर्सबाईंनी धीर केला. "काका, तुम्ही कुठे जाऊ नका. खालची खोली तुमचीच. भाडंबिडं काही नको."

बाइंडर डोळे पुसत म्हणाले, "असं कोण म्हणतं हो आजकाल? पण मी मुलीकडे चाललोय. केव्हाची बोलावतेय ती."

"थोडक्यासाठी घर गेलं तुमचं. कुणाकडे तरी मागायचे होते पैसे."

"पैसे होते की. दर वर्षी कराइतके बाजूला काढायचो, आणि भरायचो नाही." त्यांनी कप खाली ठेवला. "घर विकायला तिघांच्या सह्या लागतात, बाई. लिलावाला एकही लागत नाही."