वैद्य नसलेला खेळ

कुंदन पडला. प्रशीलनं उचललं.
युवराज पडला. प्रशीलनं उचललं.
कुंदन पडला. प्रशीलनं उचललं.
प्रशील पडला.
डाव संपला.

भिंतीवरच्या पडद्यावर मृणाली मॅडम ही नोंद खाली खाली सरकवत होत्या. चार डावांची नोंद, आणि चारही डावांत थोड्याफार फरकानं हेच. शेवटी यंत्रानं बेरीज दाखवली. प्रशीलनं उचललं: ११. प्रशीलला उचललं: ०.

धुळ्याहून पहाटेच्या एसटीनं पाच जण जळगावला आले होते, ते या खेळाची नवी आवृत्ती तपासायला. जुन्या खेळात एका अजस्र रेड्याशी लढणाऱ्या पाच जणांच्या टोळीला नेमून दिलेली कामं असत. कुणी ढालवाला, कुणी तलवारवाला आणि एक वैद्य. वैद्यानं मागं उभं राहायचं, जखमी होईल त्याला बरं करायचं, वार करायचा नाही. वैद्य म्हणून चार वर्षं प्रशीलनं बाकी चौघांच्या पाठीच पाहिल्या होत्या. खेळ रचणाऱ्या मृणाली मॅडमनी नव्या आवृत्तीतून वैद्य काढूनच टाकला. आता कुणीही कोणतंही हत्यार घ्यावं, आणि जो पडेल त्याला कुणीही उचलावं. त्याच्याजवळ तीन सेकंद गुडघे टेकून बसलं, की तो उठतो. अट एवढीच, की त्या तीन सेकंदांत उचलणाऱ्याला वार करता येत नाही, वार खावे लागतात.

प्रशीलनं भाला घेतला होता. पण पहिल्या अर्ध्या मिनिटात कुंदननं हाक मारली आणि प्रशीलचं बोट आपोआप उचलण्याच्या बटणावर गेलं. तो स्वतः पडला तेव्हा त्यानंही हाक मारली होती. कुंदन म्हणाला, थांब, आधी रेड्याला पाडू दे. युवराज म्हणाला, मी लांब आहे. तो लांब नव्हता.

कंपनीचे मालक ललित सर खुर्ची ओढून पुढं आले. आकडा पाहून त्यांना भलताच आनंद झाला. आपण वैद्य काढला, सर म्हणाले, या पोरांनी तो पुन्हा तयार केला, तोही कुणी न सांगता. म्हणजे एकेकाचा स्वभावच असतो. माणसाला आपली ठरलेली जागा हवीच असते, खेळातसुद्धा.

"अकरा वाचलंत, सर," मृणाली मॅडम म्हणाल्या. "आता शून्य वाचा."

सर म्हणाले, एकच गोष्ट आहे ती.

कुंदनला राहवलं नाही. टोळीचा म्होरक्या तो. प्रशीलच्या खांद्यावर हात टाकून त्यानं कौतुकानं सांगितलं, "सर, याची आईपण दवाखान्यात आया आहे. यांच्या घरातच आहे ते."

सगळे हसले. वाईट हसले नाहीत, आपल्या माणसाचं कौतुक झालं की हसतात तसे हसले.

प्रशीलची आई केसरबाई बारावी झाली होती. त्या दवाखान्यात तिनं अर्ज केला होता तो केसपेपरच्या खिडकीसाठी. अर्ज घेणाऱ्यानं आडनाव वाचलं, मान वर करून एकदा तिच्याकडं पाहिलं, आणि फडकं-बादली कुठं ठेवलेली असते ते सांगितलं. स्वभाव कुणी विचारला नव्हता.

 प्रशीलच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या.

सरांचं ठरलं. वैद्य परत आणायचा. प्रशीलच्या खेळण्यावरूनच तो घडवायचा, आणि खेळाच्या शेवटी जी नावं येतात त्यांत त्याचं नावही टाकायचं. युवराजनं लगेच प्रशीलकडं शेवभाजीची पार्टी मागितली. आता फक्त आणखी एक डाव खेळा, सर म्हणाले, उचलतानाचं नीट रेकॉर्डिंग हवं. पैसे घालणाऱ्या मुंबईच्या लोकांना तेच दाखवू.

मृणाली मॅडमनी हत्यारांची यादी उघडली आणि प्रशीलला विचारलं, काय घेताय? उत्तर कुंदननं दिलं. त्याला काहीही चालतं.

"भाला," प्रशील म्हणाला.

युवराज पडला.

खोलीत सगळ्यांना खात्री होती, आत्ता उचलेल.

जुन्या खेळातला ढालवाला पडला. त्याच्या मागोमाग त्याचा चुलतभाऊ पडला.

प्रशील, अरे, मागं बघ. प्रशील, रेकॉर्डिंग चालू आहे. सर उठून त्याच्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. उचल ना बाळा, त्यांनी हळूच सांगितलं, आजाऱ्याला घास भरवायला सांगावं तसं. भाला रेड्याच्या मानेत जात होता, निघत होता, जात होता.

कुंदन पडला.

पडलेल्यानं हाकेचं बटण दाबलं की ज्याला हाक मारली त्याचं नाव पडद्यावर उमटतं. चौघंही दाबत होते. प्रशील प्रशील प्रशील प्रशील प्रशील प्रशील, इतकं, की त्या अक्षरांआडून रेडा धड दिसेना.

"प्रशील, मी पडेल शे ना," कुंदन ओरडला. सरांसमोर सांभाळलेली त्याची मराठी सुटून घरची अहिराणी आली. "दिसत नही का तुले?"

"दिसस," प्रशील म्हणाला.

मग कुंदननं शेजारच्या खुर्चीतून हात लांबवला आणि सरळ प्रशीलच्या माउसवर घातला. प्रशीलनं त्याचं मनगट डाव्या हातानं पकडलं. पडद्यावरून नजर न काढता पकडलं आणि सोडलं नाही. डावा हात कीबोर्डवरून निघाला होता, म्हणून त्याचा भालेवाला आता पाऊलभरही हलू शकत नव्हता. चार पडलेल्या देहांच्या मधोमध तो एका जागी उभा होता, आणि रेडा मान खाली घालून त्याच्यावरच येत होता.

उजव्या हाताचं बोट वार करत राहिलं.