वरची मेणबत्ती

वार्सेनिकनं मठाच्या दारात दोन मेणबत्त्या घेतल्या आणि सुनेला सांगितलं की, तू झऱ्यावरून पाणी आण, तोवर मी आत सावलीला टेकते.

नवार्द निघाली. दरवर्षी असंच चाले. नव्या द्राक्षांना आशीर्वाद मिळायच्या रविवारी सासूबाई दोन मेणबत्त्या घेत. वर वारा फार, एक मोडली-विझली तर दुसरी हाताशी असावी, म्हणून असेल.

वर म्हणजे चांगलंच वर. सातशे वर्षांमागच्या गवंड्यानं मठातलं हे चर्च दुमजली बांधलं होतं. खाली, अर्ध्या जमिनीत गेलेल्या दालनात, सरदार घराण्याच्या कबरी. त्यांच्या डोक्यावर उजेडाचं चर्च. तिथं जायला दर्शनी भिंतीतूनच दगडी पायऱ्या बाहेर काढलेल्या. कठडा नाही, आणि जितकं वर जावं तितकी पायरी आखूड. पाद्री तेर हुसिक म्हणत, चढणारा माणूस वाकूनच यावा, असं त्या गवंड्याच्या मनात होतं. वार्सेनिक म्हणे, मेल्याला स्वतःला गुडघेच नसणार.

गावाचा रिवाजही तसाच दुमजली. गेलेल्यांची मेणबत्ती खाली वाळूत, जित्यांची वर.

वार्सेनिकचा मुलगा वाहराम लढाईवरून परतला नाही. देहही आला नाही. तेव्हापासून म्हातारी दरवर्षी हातापायांवर वर चढे, आणि खालून सारा गाव बघत राही. आईच ती, आशा कशी सोडेल, असं बायका म्हणत. नवार्द काही म्हणत नसे. तिची आशा केव्हाच संपली होती, पण नवरा गेला हे सासूसमोर उच्चारणं म्हणजे तिच्या हातातली ज्योत फुंकण्यासारखं होतं.

आणि यंदा सेरोब होता. मधमाश्या पाळणारा, बायको वारलेला, मोजकं बोलणारा. आपल्या पेट्या घेऊन तो उद्या पलीकडच्या खोऱ्यात कायमचा निघणार होता. येतेस का, एवढंच त्यानं विचारलं होतं. आठवडाभर घोळवून नवार्दनं ठरवलं होतं, नाही म्हणायचं. सासू मुलाची वाट बघतेय, तोवर सुनेनं कुठल्या तोंडानं दुसरं घर करायचं?

ती पाणी घेऊन आली तेव्हा वार्सेनिक पायऱ्यांशी उभी होती. तिनं पाय वर ठेवला आणि परत घेतला. पुन्हा ठेवला, पुन्हा घेतला.

"यंदा राहू दे गं," मेणबत्त्या विकणारी शुशान दारातून म्हणाली. "वरून पडलीस तर तुझीच खाली लावावी लागेल."

"मग चांगली जाडजूड बघून लाव," म्हातारी म्हणाली. पण गुडघा काही उचलेना.

नवार्दनं पाण्याचं भांडं खाली ठेवलं. उंचीच्या भीतीनं ती आजवर एकदाही चढली नव्हती. तिनं सासूच्या हातून मेणबत्ती घेतली.

"मी जाते, आई."

"पडशील."

"तुम्ही पडता का?"

"मी म्हातारी. मला घाबरायला वेळ नसतो." मग तिनं नीट समजावलं. हात भिंतीला, नजर दगडावर, आणि लावताना ज्याची मेणबत्ती त्याचं नाव, फक्त देवाला ऐकू जाईल इतक्या हळू.

नवार्द चढू लागली. पायऱ्या अरुंद होत गेल्या. पाचव्या-सहाव्या पायरीवर तिचे पाय थांबले. खाली सगळ्यांना वाटलं, घाबरली.

"आई," ती भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली, "मला नाही जमणार. वर जाऊन वाहरामचं नाव घेणं मला नाही जमणार. देवाजवळ खोटं कसं बोलू?"

शुशाननं मान खाली घातली.

वार्सेनिकनं हात उंच करून सुनेच्या टाचेला आधार दिला.

"त्याचं नाव कशाला घेतेस, जान?" ती म्हणाली. "त्याची मी पहिल्या वर्षापासून खाली लावते. वर तुझी असते."