काट मारलेला धडा

"या धड्यावर काट मारा, परीक्षेला नाही," कुंदाबाई सातवीच्या वर्गाला म्हणाल्या. गाव एका बाईच्या हातचं जेवत नाही, अशी ती गोष्ट. "असलं आता कुठं राहिलंय? उगाच पोरांची डोकी भडकतात," असं शाळा समितीच्या अध्यक्षांनी दरडावलं होतं. बाईंनी मुकाट मान डोलावली होती.

मधल्या सुट्टीत पोरांनी घरचे डबे उघडले. बौद्धवाड्यातली सुलोचना शाळेची खिचडी शिजवायला लागली, तेव्हापासून सगळ्यांचेच डबे येऊ लागले होते. भरल्या पातेल्याशी ताट घेऊन बसली ती एकटी तिची लेक. आईला ती तोच धडा वाचून दाखवत होती.

"मग शेवटी जेवलं का गं कुणी?" सुलोचनानं विचारलं.

"एकच जण. तिथल्या शाळेतल्या बाई."

व्हरांड्यात कुंदाबाईंना ते ऐकू गेलं. त्यांनी पाठ फिरवली आणि घरून आणलेला डबा उघडला.