मातीची चटक

दर्शना माती खाते, हे कामोठ्यातल्या त्यांच्या अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक होतं. बाल्कनीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत तिनं माहेरच्या शेतातली माती भरली होती. येता-जाता ओलं बोट त्या मातीत खुपसायचं आणि चाटायचं. त्यापायी अंगातलं रक्त कमी झालं, पोटात जंत झाले, दात झिजले, तरी सुटेना.

आज मात्र नवा रिपोर्ट आला आणि डॉक्टरीणबाईंनी तिची पाठ थोपटली. रक्त भरून आलं होतं. कित्येक महिन्यांत तिनं त्या कुंडीला हातसुद्धा लावला नव्हता.

"आता मातीकडं बगनार पन नाय माजी सून," असं सांगत गंगाबाई मजल्यावर घरोघर पेढे वाटत सुटल्या. सासूच्या तोंडून आपलं कौतुक दर्शना पहिल्यांदाच ऐकत होती.

ताठ मानेनं ती बाल्कनीत गेली. पाण्यावाचून कढीपत्ता वाळून गेला होता, मातीला भेगा पडल्या होत्या. तिनं मुद्दाम, जिंकल्याच्या तोऱ्यात, कोरडं बोट त्या मातीत खोल खुपसलं. तोंडाला पाणी सुटलं नाही. दर्शना खुदकन हसली.

तिनं बोट बाहेर काढलं, तर ते ओलं होतं.

त्याला मातीचा एक कणही चिकटला नव्हता. नखात अडकलेलं सकाळचं पीठसुद्धा गेलं होतं, कुणीतरी चाटूनपुसून घेतल्यासारखं.

मातीत बोटाचं भोक तेवढं राहिलं होतं. तिच्या डोळ्यांदेखत ते हळूच मिटलं.

आणि पुन्हा उघडलं.